आंगणात बँड आणायचा, पण कोणासाठी?

पत्राचा गोषवारा: फोंडा तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र. त्यांच्या आईवडिलांच्या लग्नाला जानेवारीच्या शेवटी ५० वर्षं पूर्ण होतात. सोहळा घरच्या आंगणात, संध्याकाळी, दीडशे माणसांचा. दुबईत नोकरी करणाऱ्या धाकट्या भावाने आसगावला मित्राच्या लग्नात अकूस्टिक (विजेवर न चालणाऱ्या वाद्यांचा) बँड ऐकला: गायिका, गिटार, व्हायोलिन, सॅक्सोफोन आणि काहोन (लाकडी खोक्यासारखं हाताने वाजवायचं तालवाद्य). तसाच पाच जणांचा बँड घरी आणायचा, खर्च तो करणार, आणि आईबाबांना त्या संध्याकाळपर्यंत काही सांगायचं नाही, असं त्याने ठरवलं आहे. काकांचं म्हणणं, ‘आपल्यात बँड शोभत नाही, भजन ठेवा.’ बाबा अनेक वर्षं गावच्या जत्रेच्या नाटकात पेटीला बसत, आजही घरी पदं म्हणतात. ‘सगळी धावपळ मलाच करायची आहे. बाबा दुखावतील, शेजारी तक्रार करतील, नको म्हटलं तर भाऊ रुसेल. बँड ठरवू की नको? ठरवला तर काय बघून ठरवू?’ असं त्या विचारतात.

ताई,

पत्र वाचताना एक गोष्ट सारखी टोचत राहिली. भावाची हौस, काकांचा विरोध, बाबांच्या मनाची काळजी, शेजाऱ्यांची धास्ती, हे सगळं तुम्ही सविस्तर लिहिलं आहे. आईंचा उल्लेख मात्र फक्त बाबांच्या जोडीने येतो. त्यांना काय ऐकायला आवडतं, त्या कधी गुणगुणतात का, त्या संध्याकाळी त्या बसणार कुठे, यावर एक ओळही नाही. लग्न दोघांचं आहे. म्हणून बँडच्या आधी त्यांच्याबद्दल बोलू या.

घरच्या सोहळ्यात आपल्याकडे काय होतं हे तुम्हालाही ठाऊक आहे. सत्कार जिचा, तीच बाई पदर खोचून पानं वाढली की नाहीत ते बघत फिरते. पाच कलाकारांचा उत्तम बँड बोलावलात आणि आई स्वयंपाकघर ते मांडव येरझारा घालत राहिल्या, तर संगीत पाहुण्यांनी ऐकलं, आईंनी नाही. वाढण्याचं काम केटररकडे द्या, देखरेखीला मावशी किंवा भाची ठेवा, आणि आईबाबांच्या दोन खुर्च्या बँडच्या अगदी समोर, तीन-चार मीटरवर ठेवा. याला बँडच्या निवडीइतकंच महत्त्व आहे, असं मी मनापासून मानते.

आता गुपिताबद्दल. भावाचा हेतू प्रेमाचा आहे, त्यात शंका नाही. पण बाबा दुखावतील ही तुमची भीती त्यांना न विचारता मनात धरलेली आहे, आणि त्यांना आनंद होईल ही भावाची खात्रीही तशीच. नाटकाच्या पेटीला वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाला संगीताच्या बाबतीत अंधारात ठेवणं मला योग्य वाटत नाही. गिटार बघून ते नाक मुरडतील असं तुम्ही धरून चालला आहात. जत्रेच्या नाटकात ऐन वेळी गाणाऱ्याची पट्टी बदलली तर तिला सावरून घेणारा हा माणूस आहे. त्याला वादकांची जाण तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त असेल. त्यांना सांगा. बँड येतोय एवढं सांगून चकित करायला एखादं गाणं राखून ठेवता येईल, भावाची हौस तेवढ्यात भागेल. आणि विचारताना दोघांना वेगवेगळं विचारा. एकत्र विचारलंत तर बाबा उत्तर देतील आणि आई ‘तें म्हणतात तें’ म्हणून मोकळ्या होतील.

काकांच्या ‘आपल्यात शोभत नाही’ला उत्तर द्यायला हवं, कारण हे वाक्य तुम्हाला अजून दहा जण ऐकवतील. मंगेशी हे दीनानाथ मंगेशकरांचं आणि जितेंद्र अभिषेकींचं गाव, तुमच्याच तालुक्यातलं. तो वारसा आपलाच. पण पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकलेल्या गोमंतकीयांचा वारसा परका कसा? माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशनच्या गाण्यांचं वाद्यवृंद-संयोजन करत. काकांच्या पिढीने रेडिओवर जी हिंदी गाणी जिवापाड ऐकली, त्यांतले कितीतरी व्हायोलिनचे तुकडे गोव्याच्या बोटांनी वाजवलेले आहेत. हे काकांना वाद म्हणून ऐकवू नका. बँडकडून तशी दोन जुनी गाणी वाजवून घ्या.

तरी काकांच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट आहे, ती सोडू नका. आसगावच्या लग्नातला कार्यक्रम जसाच्या तसा उचलून तुमच्या आंगणात ठेवला तर तो बसणार नाही. तिथे संगीत गप्पांच्या मागे चाललेलं असतं. लोक ग्लास घेऊन फिरतात, मध्येच टाळ्या पडतात. तुमच्याकडे पहिल्या तीन रांगांत ज्येष्ठ मंडळी पाय जमिनीला टेकवून, समोर बघत बसणार आहेत. त्यांना वाजवणाऱ्याकडे बघत ऐकायची सवय आहे. म्हणून पाच जणांनी तीन तास पार्श्वभूमीला वाजवत राहण्यापेक्षा तिघांनी चाळीस-चाळीस मिनिटांची दोन सत्रं करावीत आणि तेवढा वेळ सगळ्यांनी खरोखर ऐकावं, असं मी सुचवेन. गायिका, गिटार, व्हायोलिन. तालाला काहोन हवाच असेल तर चौथा. सॅक्सोफोन मात्र या आंगणात नको. मला त्याचा सूर फार आवडतो, पण त्याचा मूळ आवाजच इतका मोठा की गिटार आणि गळा त्याच्या बरोबरीला आणायला सगळंच चढवावं लागतं, आणि मग शेजाऱ्यांचा प्रश्न खरोखरच उभा राहतो.

बँड अकूस्टिक आहे म्हणजे स्पीकर लागणार नाहीत, परवानगी लागणार नाही, असं भावाने तुम्हाला सांगितलं आहे. हे दोन्ही चूक. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे चार मीटरवरच्या आईबाबांना जे ऐकू येईल, ते सोळा मीटरवर आंब्याखाली बसलेल्यांना १२ डेसिबल कमी येईल. एक माणूस नेहमीच्या स्वरात बोलतो तेव्हा मीटरभरावर ६० डेसिबलच्या आसपास आवाज असतो, आणि तुमच्याकडे दीडशे आहेत. नुसती गिटार त्यात बुडून जाईल. उपाय मोठे स्पीकर नव्हेत. समोर दोन अजस्र स्पीकर लावले की पुढचे कान झाकतात आणि मागचे तरीही ‘ऐकू येत नाही’ म्हणतात. चार लहान स्पीकर आंगणाच्या दोन्ही बाजूंना, हळू आवाजात, श्रोत्यांच्या जवळ लावायला सांगा. बँड आंगणाच्या टोकाला बसवून त्यांचं तोंड घराकडे ठेवा, म्हणजे आवाज आजूबाजूच्या वस्तीवर न जाता तुमच्याच घराच्या दिशेने येईल. जनरेटर घराच्या मागे, लांब. बँडची वीजजोडणी केटररच्या आणि रोषणाईच्या जोडणीपासून वेगळी ठेवायला इलेक्ट्रिशियनला बजावा, नाहीतर स्पीकरमधून रात्रभर घरघर येत राहते.

कायद्याचं थोडक्यात सांगते. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला लेखी परवानगी लागते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, आणि नियमांतली रात्र १० ते सकाळी ६. दहानंतर माईक बंद करून नुसती वाद्यं वाजवली तर चालतं, असं पुष्कळ जण समजतात. उघड्यावर तेही चालत नाही. नियमात वाद्यांचाही उल्लेख आहे. तेव्हा सांगता साडेनऊला धरा. अर्ज कुठे करायचा हे पंचायतीच्या सचिवांना आणि पोलीस ठाण्यात महिनाभर आधी विचारा. जवळ शाळा किंवा इस्पितळ असेल तर तेही सांगा. आणि शेजाऱ्यांकडे स्वतः जा. आमंत्रण द्यायला गेलात तर तक्रारीचा निम्मा धाक तिथेच संपतो. घरात कोणी आजारी असेल, दहावीचं मूल असेल, तर स्पीकरचं तोंड कुठे असेल आणि कार्यक्रम किती वाजता संपेल हेही त्यांना सांगून ठेवा.

हॉल किंवा हॉटेलात कार्यक्रम करणाऱ्या वाचकांसाठी एक जोड. तिथे गाण्यांच्या हक्कांच्या परवान्याचा प्रश्न येतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लग्नाशी निगडित सामाजिक समारंभांना सूट आहे. त्या सुटीच्या आधाराने गोवा सरकारने काढलेलं परिपत्रक २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केलं. कायद्यातली सूट मात्र कायम आहे. पण वाढदिवस, निवृत्ती, सुवर्णमहोत्सव यांना ती आपोआप लागू होते असं धरू नका. परवाना कोण काढणार, तुम्ही की हॉल, हे आरक्षणाच्या वेळीच लेखी ठरवा.

आता बँड निवडायचा कसा. चकचकीत, कापून जोडलेल्या व्हिडिओवर जाऊ नका. एखाद्या कार्यक्रमातलं अख्खं गाणं, न कापलेलं, मोबाईलवर घेतलेलं मागा. त्यात दिसणारीच माणसं येणार का, हे नावानिशी विचारा. गोव्यात एकच वादक तीन-चार बँडमध्ये वाजवतो. त्यात गैर काही नाही, पण ज्या गायिकेसाठी तुम्ही हो म्हणालात तीच आली नाही तर उपयोग काय? दुसरा प्रश्न हमखास विचारा: गाण्यांना मागे मायनस ट्रॅक लावता का? पुष्कळ लहान बँड ढोल, बास आणि बाकीची वाद्यं आधी भरून ठेवलेल्या ट्रॅकवर वाजवतात आणि वर फक्त गळा आणि गिटार असते. नाचाच्या पार्टीला ते ठीक आहे. पण ट्रॅकची लय आणि पट्टी ठरलेली असते, आणि बाबांना एखादी ओळ लांबवावीशी वाटली तर ट्रॅक थांबत नाही. तुम्हाला थांबणारी माणसं हवी आहेत.

गाण्यांची यादी आईबाबांशी बोलल्यानंतरच करा. बँडची तयार गाणी तेवढी ठेवा आणि तुमची खास चार-पाचच गाणी द्या, तीही किमान महिनाभर आधी. वीस गाण्यांची यादी दिलीत तर वीसही अर्धवट बसतील. नाट्यपदाचा आग्रह मात्र बँडकडे धरू नका. ते पद तबल्याच्या अंगाने आणि गाणाऱ्याच्या मनाने पुढे जातं. त्याखाली गिटारचे तयार कॉर्ड टाकले की दोन्हींचं नुकसान होतं. भावगीत, जुनं हिंदी, कोकणी मांडो, एखादं इंग्रजी, हे या बँडला छान जमेल. मांडो जरूर घ्या. त्याची संथ चाल ज्येष्ठांना ऐकवते, आणि त्यामागून येणारं जलद चालीचं दुलपोद सुरू झालं की मुलं आपोआप उठतात.

बाबांनी पेटी वाजवायची इच्छा दाखवली तर? मला वाटतं, दाखवतील. तेव्हा दोन सत्रांच्या मधली वीस मिनिटं त्यांची ठेवा. तबल्याला जत्रेच्या नाटकातला त्यांचा जुना साथीदार असेल तर उत्तम. व्हायोलिनवाल्याला अगोदर विचारा, पदामागे बसायला आवडेल का, पुष्कळांना आवडतं. तालीम एकदा तरी घरी, बाबांच्या पेटीवरच व्हायला हवी. जुन्या पेटीचे सूर आजच्या ठरलेल्या स्वरापेक्षा थोडे वर किंवा खाली सरकलेले असतात आणि ते जागेवर बदलता येत नाहीत. गिटार आणि व्हायोलिनच्या तारा मात्र चढवता-उतरवता येतात. म्हणून पेटी सांगेल तो सा, बाकीच्यांनी तिला जुळवून घ्यायचं. बाबांची पट्टीही विचारा. पंचाहत्तरी ओलांडल्यावर पूर्वीची काळी एक झेपेलच असं नाही, आणि हे सगळ्यांसमोर कळण्यापेक्षा तालमीत कळलेलं बरं.

त्यांना वाजवायचं नसेल तर आग्रह करू नका. ‘बाबा, एकच पद’ म्हणत माईक तोंडाशी नेणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात; त्यांना तुम्हीच आवरा. आपल्या सोहळ्यात नुसतं बसून ऐकायचा हक्क त्यांना आहे.

आणि आईंचं? त्यांच्या पिढीतल्या फोंड्याकडच्या बायकांना फुगड्यांची गाणी सहसा तोंडपाठ असतात. दोन बहिणी, तीन शेजारणी उठल्या तर बँडच्या मध्यंतरात आंगणात फुगडी रंगू शकते, माईकशिवाय. धालोंची गाणीही याच दिवसांतली, पण त्यांची जागा मांडावर, म्हणजे गावाने त्यासाठी राखलेल्या पवित्र जागेवर आहे. ती तिथेच राहू द्या. आईंना यांतलं काहीच नको असेल आणि रेडिओवरचं एखादं जुनं भावगीत हवं असेल, तर भावाने गुपित ठेवायचं गाणं तेच.

काकांच्या भजनाला मी नाही म्हणत नाही. सायंकाळी सहाला दिवा लावून, घरच्याच मंडळींनी, घुमट (मातीच्या घटाचं चर्मवाद्य), शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य) आणि कांसाळ्यांवर (झांजांवर) आरत्या म्हणून सुरुवात करा. चवथीला जे हात घुमटावर चालतात ते जानेवारीतही चालतील. घुमटाला २०१९ मध्ये गोव्याने राज्याच्या वारशाचं वाद्य म्हणून मान दिला. मात्र घुमट आणताना बकऱ्याच्या कातड्याचंच आणा, कारण घोरपडीला कायद्याने संरक्षण आहे. काकांना या भागाचं प्रमुख करा. त्यांचा विरोध गिटारला कमी आणि आपल्याला कुणी विचारलं नाही याला जास्त असावा, असा माझा अंदाज आहे.

राहिला भाऊ. पैसे तो देतोय म्हणून निर्णय त्याचा, असं तुम्ही मनात मान्य करून टाकलं आहे. परवानगी, शेजारी, वीज, तालीम, बँडशी शंभर फोन, हे सगळं तुम्ही करणार. तुमच्या वेळेला किंमत आहे आणि तिच्याबरोबर मतही येतं. त्याला व्हिडिओ कॉलवर आंगण दाखवा, खुर्च्या कुठे येणार ते दाखवा, आणि पाचाऐवजी तिघे का, ते सांगा. लांब राहणाऱ्या मुलाला बँडच्या निमित्ताने आईबाबांसाठी काहीतरी मोठं करायचं असतं; ती ओढ मोडू नका, तिला काम द्या. करार त्याने करावा, आगाऊ रक्कम त्याने पाठवावी, आणि सोहळ्याच्या दिवशी दुपारी चारला साउंड चेकला त्याने उभं राहावं. विमान त्याच सकाळी उतरणार असेल तर तिकीट बदलायला लावा.

करार म्हणजे वकिलाचं कागदपत्र नव्हे. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेलं आणि दोघांनी हो म्हटलेलंही चालेल, पण त्यात सगळं हवं: कोण येणार, किती वाजता पोचणार, सत्रं कधी आणि किती, साउंड कोणाचा, प्रवासाचे पैसे धरले आहेत की वेगळे, आगाऊ किती, तुम्ही रद्द केलं तर काय आणि त्यांनी केलं तर काय, गायिकेचा घसा बसला तर बदली कोण. दर विचारताना साउंडसकट आणि साउंडशिवाय असे दोन आकडे मागा. नुसती ‘बँडचा दर’ म्हणून सांगितलेली रक्कम शेवटी जवळपास दुप्पट होते, ती बहुधा इथेच.

तारखेचं तुमच्या हातात नाही, पण इतर वाचकांच्या असू शकतं. नाताळ ते नवीन वर्ष या दिवसांत गोव्यात चांगला वादक मोकळा मिळणं कठीण आणि दर चढलेले. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात कॅथलिक कुटुंबांत लग्नं सहसा होत नाहीत, तेव्हा लग्नात वाजवणारे बँड जास्त सहज मिळतात आणि बोलणीही निवांत होतात. जून ते सप्टेंबर आंगणाचा विचारच नको. जानेवारीत पाऊस नाही, पण रात्री दव पडतं, तारा बेसूर होतात. वादकांच्या डोक्यावर छप्पर हवंच, निदान ताडपत्रीचं.

शेवटी वादकांच्या जेवणाचं. त्यांना सगळ्यात शेवटी, उरलेलं, मागच्या दारी वाढायची पद्धत अजूनही दिसते आणि ती पाहून मला त्रास होतो. मध्यंतरात त्यांच्यासाठी चहा आणि काहीतरी गरम ठेवा, आणि साडेनऊला वाद्यं आवरली की त्यांची पानं घरच्या मंडळींच्याच पंगतीत मांडा. उरलेले पैसे भावाला आधीच पाकिटात घालून ठेवायला सांगा, म्हणजे रात्री अकराला कोणाला तुमच्या मागे फिरावं लागणार नाही.